प्रोटिएज अडवतंय कोण: एसएसआय की ल्युपेप्टिन?

मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंच्या गाळलेल्या कल्चरने प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, थंडावलं, की लगेच अवरोधकाच्या जनुकासाठी प्रायमर (पीसीआरने जनुकाच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले जातात. ही घाई महागात पडते, कारण या वंशात अगदी वेगळ्या जातीचे अवरोधक सापडतात. एसएसआय, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस सबटिलिसिन इनहिबिटर, हे 113 अमिनो आम्लांचं प्रथिन. ते एका जनुकावरून रायबोसोमवर बनतं, वजन सुमारे 11,500 डाल्टन, आणि जोडीने राहतं. ल्युपेप्टिन मात्र सुरुवातीला असेटिल गट, मग दोन ल्युसिन आणि टोकाला आर्जिनिनचा अल्डिहाइड, एवढंच. वजन जेमतेम 427. ते रायबोसोमवर बनत नाही, एन्झाइमं तुकडे जोडून ते तयार करतात. त्यामुळे त्याचा क्रम लिहिलेलं एकच जनुक शोधून मिळणार नाही.

नमुना उकळून फरक कळेल, हा समज चुकीचा आहे. एसएसआय उष्णतेला चांगलंच टिकतं. त्यापेक्षा 3,500 डाल्टन कटऑफच्या (म्हणजे त्याहून लहान रेणूच बाहेर सोडणाऱ्या) पिशवीत, 4 अंशांवर, बफर दोन-तीनदा बदलत रात्रभर डायलिसिस करा. तुलनेसाठी तोच नमुना डायलिसिसविना तितकाच वेळ 4 अंशांवर ठेवा. पिशवीत परिणाम टिकला तर प्रथिन, गेला तर बहुधा लहान रेणू. बहुधा म्हणायचं कारण, माध्यमातलं पेप्टोनही (अर्धवट पचवलेलं प्रथिन) पिशवीबाहेर जातं, आणि ते चाचणीत तोडायला दिलेल्या केसिन या दुधातल्या प्रथिनाशी स्पर्धा करून अवरोधाचा भास निर्माण करतं. कोऱ्या माध्यमाचा कंट्रोल म्हणूनच हवा.

मोजताना एन्झाइम आणि नमुना 37 अंशांवर 10 मिनिटं एकत्र ठेवा, मग 1 टक्का केसिन घाला. 20 मिनिटांनी 5 टक्के टीसीए (न तुटलेलं प्रथिन खाली बसवणारं ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल) होईल इतकं टीसीए घालून सेंट्रिफ्यूज करा आणि तुटलेलं केसिन मोजायला वरच्या द्रवाचं 280 नॅनोमीटरला शोषण घ्या. कल्चरचं स्वतःचं प्रोटिएज आकडा फुगवतं आणि खरा अवरोध झाकतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचा वेगळा ब्लँक (बाहेरून एन्झाइम न घातलेला) ठेवा.

ट्रिप्सिनवर विसंबू नका. ल्युपेप्टिन ते अडवतं, पण एसएसआयच्या कुळातली काही प्रथिनंही अडवतात. पपेन हे वेगळ्या, सिस्टीन गटातलं प्रोटिएज जास्त बोलकं आहे: ल्युपेप्टिन त्याला रोखतं, सेरीन प्रोटिएजसाठी घडलेलं एसएसआय नाही.

प्रथिन ठरलं, तर पीसीआर. डीएनएत जीसी (घट्ट जुळणाऱ्या जी आणि सी बेसचं प्रमाण) 70 टक्क्यांच्या आसपास, म्हणून 98 अंशांवर धागे सोडवा, ते सुटायला मदत करणारं डीएमएसओ हे द्रावक 5 टक्के घाला. प्रत्येक साखळीत दोन डायसल्फाइड बंध असल्याने ते ई. कोलाय जिवाणूत बनवताना पेशीद्रवात घडी बिघडू शकते; सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीद्रवाबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा) जोडून प्रथिन पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत, पाठवावं. एसएसआयचं प्रोटिएजला अडवणारं क्रियास्थळ मेथिओनिन 73 इथे आहे. हा क्रमांक सिग्नल पेप्टाइड तुटल्यानंतरच्या प्रथिनाचा आहे. जनुकाच्या सुरुवातीपासून मोजलं, तर म्युटेशन भलत्याच जागी पडतं.