रुग्णशय्येजवळचे शिक्षण

रुग्णशय्येजवळचे शिक्षण : प्रत्यक्ष रुग्णाशी बोलून, त्याला तपासून आणि त्याच्या उपचारांत हळूहळू सहभागी होऊन वैद्यक शिकण्याची पद्धत. वैद्यकीय महाविद्यालयातली सुरुवातीची वर्षे बहुतेक ठिकाणी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन अशा विषयांत जातात. त्यानंतर विद्यार्थी वॉर्डात, बाह्यरुग्ण विभागात, प्रसूतिकक्षात आणि शस्त्रक्रियागृहात शिकू लागतो. हृदयाची मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) कानाला ओळखू येणे, वाढलेले यकृत बोटांना लागणे, खचलेल्या माणसाकडून त्याच्या दुखण्याची हकीकत नीट काढून घेणे ही कौशल्ये माणसाजवळ बसूनच येतात. मात्र जो माणूस समोर झोपलेला असतो, तो बरा होण्यासाठी आलेला असतो, कोणाला शिकवण्यासाठी नव्हे. उद्याच्या रुग्णांना कुशल डॉक्टर मिळावा म्हणून आजच्या रुग्णाला नवख्याचा हात लागू द्यावा लागतो. वैद्यकीय नीतीची चर्चा बरेचदा इच्छामरण, अवयवदान अशा मोठ्या प्रश्नांभोवती फिरते. प्रत्येक डॉक्टरला पहिल्यांदा आणि रोज भिडणारा नैतिक प्रश्न मात्र हाच आहे.

या प्रश्नाची जाणीव जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सगळा सरावाला वाहिलेला आहे. छेद घेणे कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर शिकावे. खरवडणे केसाळ ताणलेल्या कातड्यावर. शिरावेध, म्हणजे शीर टोचणे, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके जाड व तलम वस्त्रांवर. पट्ट्या बांधणे माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर, असे तिथे तपशीलवार सांगितले आहे. शास्त्र पुष्कळ ऐकले पण हात चालवला नाही, तर असा वैद्य प्रत्यक्ष कर्माला अयोग्य, असा निर्वाळाही तिथेच मिळतो. जिवंत माणसावर चूक होण्याआधी ती निर्जीव वस्तूवर होऊन जावी, हा विचार आजच्या सिम्युलेशन (पुतळ्यांवर व प्रतिरूपांवर सराव करण्याच्या) प्रयोगशाळांच्या मुळाशीही आहे.

युरोपात सोळाव्या शतकात इटलीतील पाडुआ येथे जोव्हान्नी बात्तिस्ता दा मोंते विद्यार्थ्यांना घेऊन रुग्णालयात रुग्णांजवळ शिकवत असे. पद्धतीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती नेदरलँड्समधील लायडनमध्ये. हेर्मान बूरहाव्हे (१६६८–१७३८) याच्या अध्यापनासाठी तिथे अवघ्या १२ खाटा होत्या, सहा पुरुषांसाठी व सहा स्त्रियांसाठी. पण तिथे शिकलेल्यांनी ही रीत व्हिएन्ना आणि एडिंबरोपर्यंत नेली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय १८९३ साली सुरू झाले. विल्यम ऑस्लर याने तिथल्या विद्यार्थ्यांना नुसते प्रेक्षक न ठेवता वॉर्डातल्या रुग्णांची नेमून दिलेली जबाबदारी दिली: हकीकत लिहायची, तपासण्या करायच्या, रोज पाहायचे. ही रचना पुढे जवळपास सगळ्या जगाने उचलली.

या इतिहासात एक बाजू फारशी सांगितली जात नाही. शिकण्यासाठी लागणारे रुग्ण आले ते मुख्यतः धर्मादाय रुग्णालयांतून. ज्यांना घरी वैद्य बोलावणे परवडत होते, त्यांच्या खाटेभोवती विद्यार्थ्यांचे कोंडाळे उभे राहत नव्हते. फुकट उपचारांच्या बदल्यात देह शिकवण्यासाठी उपलब्ध, असा हा अलिखित व्यवहार होता आणि त्यात गरिबाला विचारण्याची पद्धत नव्हती. आजही मोफत खाटेवरच्या रुग्णाला विद्यार्थी अधिक वेळा तपासतात, हे शिकवणाऱ्या रुग्णालयात काम केलेल्या कुणालाही नवे वाटणार नाही. संमतीचा नियम खासगी खोलीत एक आणि सामान्य वॉर्डात दुसरा असू शकत नाही.

संमती म्हणजे दाखल होताना सही केलेला कागद, ही समजूत अपुरी आहे. विद्यार्थ्याने आपण विद्यार्थी आहोत हे सांगणे, काय करणार आहोत ते सांगणे आणि ‘नको’ म्हटल्यास उपचारात काहीही फरक पडणार नाही हे स्पष्ट करणे, एवढे झाले तरच ती संमती. पुष्कळ रुग्ण होकार देतातही. आपल्या आजारातून कोणी शिकते याचे त्यांना समाधान वाटते. १९९७ साली जॉन्स हॉपकिन्समधल्या एका अभ्यासात ज्यांची केस खाटेजवळ मांडली गेली, त्यांना डॉक्टरांनी आपल्याला अधिक वेळ दिल्याचे जाणवले. म्हणजे विचारल्याने शिक्षण अडते ही भीती अवाजवी आहे.

न विचारण्याचा सर्वात गंभीर प्रकार भूल दिलेल्या रुग्णाबाबत घडत आला. शस्त्रक्रियेसाठी बेशुद्ध असलेल्या स्त्रीची योनिमार्गातून तपासणी विद्यार्थ्यांकडून, तिला कल्पना न देता, केवळ सरावासाठी करवून घेतली जाई. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेवरील संशोधनाची चौकशी न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी १९८७-८८ मध्ये केली, तेव्हा ही प्रथाही उजेडात आली. चौकशीची परिणती म्हणून १९९६ साली तिथे रुग्णहक्कांची संहिता लागू झाली आणि अध्यापनात सहभागी केलेल्या रुग्णालाही तेच हक्क आहेत असे तिच्यात स्वतंत्रपणे नमूद झाले. अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने अशा तपासण्यांसाठी आधी लेखी संमती हवी असे रुग्णालयांना बजावले ते २०२४ साली. इतका उशीर कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

फिलाडेल्फियातील पाच वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. स्त्रीरोग विभागातले प्रशिक्षण पुरे केलेल्या विद्यार्थ्यांना भूल दिलेल्या स्त्रीच्या अशा तपासणीसाठी आधी परवानगी घेणे इतरांच्या तुलनेत कमी महत्त्वाचे वाटत होते. ही मुले मुळात निष्ठुर नव्हती. वरिष्ठ जे करतात ते योग्य असणार, असे मानत ती घडत गेली. नीतीचा तास वर्गात होतो, पण विद्यार्थी नीती शिकतो ती राउंडवर: प्रमुख डॉक्टर रुग्णाला नावाने हाक मारतात की ‘सात नंबरचे यकृत’ म्हणतात, तपासण्याआधी पडदा ओढतात की नाही, वाईट निदान दहा जणांसमोर उभ्याउभ्या सांगतात की बसून एकट्याला. एका वॉर्डात अनेक खाटा असताना गोपनीयता राखणे कठीण असते हे खरे. तरीही आवाज खाली आणणे आणि नाजूक चर्चा बाहेर करणे कोणालाही जमते.

आता नवख्या हाताचा प्रश्न. पहिली सुई, पहिला टाका, पहिले बाळंतपण कोणावर तरी होणारच. धोका कमी करण्याचे मार्ग बरेच निघाले आहेत. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती अध्यापनात आणल्या. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी येथून ठरावीक वेळेच्या केंद्रांवर कौशल्य तपासणारी परीक्षापद्धत मांडली. पुतळे, नळ्या शिरवण्याची प्रतिरूपे, संगणकीय सराव यांनी पहिले अनेक प्रयत्न माणसाबाहेर हलवले. पण माणसावरचा पहिला प्रयत्न उरतोच, आणि तिथे ज्येष्ठ डॉक्टर शेजारी हवा. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली अठरा वर्षांची लिबी झायन रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. रात्री तिला पाहणारे डॉक्टर प्रशिक्षणार्थी होते, ज्येष्ठांचा सल्ला फोनवर होता. त्या प्रकरणानंतर १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ८० तासांपर्यंत मर्यादित केले आणि ज्येष्ठांची देखरेख बंधनकारक केली. थकलेल्या, एकट्या सोडलेल्या शिकाऊ डॉक्टरवर झालेल्या चुकांचे सगळे ओझे टाकणे हाही अन्यायच आहे.

‘तुम्ही हे आधी किती वेळा केले आहे?’ असे रुग्णाने विचारले तर खरे उत्तर द्यावे लागते, मग ते ‘एकदाही नाही’ असले तरी. त्याबरोबर शेजारी कोण उभे आहे, अडचण आल्यास काय होईल हेही सांगावे. हे ऐकून रुग्णाने दुसरा डॉक्टर मागितला, तर तो त्याचा हक्क आहे आणि विद्यार्थ्याने बाजूला होऊन पाहावे.