पार्श्वभूमी: केबल जोडली, पिंग गेलं, तरी एक्सपीचं फोल्डर का उघडत नाही

नागपुरात घरून लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका जुळवून देणाऱ्यांकडे विंडोज एक्सपीचा डबा, म्हणजे जुना संगणक, अजून सापडतो. जुन्या फाँटांतल्या फायली त्यावर आहेत आणि सॉफ्टवेअरचं लॉक प्रिंटरच्या रुंद पोर्टला बसतं. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. म्हणून दोन्ही मशीन ठेवायची आणि मधून फायली न्यायच्या. ही जोडणी एके काळी सहज होत होती. ती आज, पिंगला (एका मशीनने दुसऱ्याला दिलेल्या हाकेला) उत्तर येत असूनही, का अडते, हे २०१७ साली काय झालं ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

तारेचा भाग आता सोपा आहे. गोल कोअ‍ॅक्स केबलच्या काळात एका सलग तुकड्याला १८५ मीटरची मर्यादा होती आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर (टोक बंद करणारं टोपण) लागायचा. मधला एक टी-कनेक्टर सैल झाला की सगळंच नेटवर्क बंद पडायचं. नंतर आठ तारांची केबल आली. स्विच (अनेक मशीनच्या केबल जोडणारा डबा) न लावता दोन मशीन थेट जोडायची तर १-२ आणि ३-६ या जोड्या उलट करून क्रॉस केबल करावी लागे. आता एका बाजूला गिगाबिट कार्ड असलं तर ते जोड्या स्वतःच ओळखतं आणि साधी केबल चालते. खालच्या मजल्यावरून वर नेताना मात्र घरात वापरायची राखाडी केबल गच्चीवरून टाकू नये. मे महिन्याच्या ४५ अंशांत तिचं आवरण कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची केबल घ्यावी.

‘वर्कग्रुप’ हा शब्द १९९२ च्या विंडोजपासून घरोघरी आहे आणि तेव्हापासून त्याबद्दल एक गैरसमजही आहे. दोन्ही मशीनवर वर्कग्रुपचं नाव सारखं नसेल तर फोल्डर उघडत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते नाव फक्त यादीत मशीन एका गटात दिसावीत म्हणून असतं. एक्सपी होममध्ये ते ‘एमएसहोम’ होतं, प्रोमध्ये ‘वर्कग्रुप’. तरी पत्ता दिला की फोल्डर उघडत होतं. विंडोज ७ बरोबर आलेला ‘होमग्रुप’ ही वेगळीच सोय. ती एक्सपीला कधी मिळालीच नाही आणि २०१८ मध्ये विंडोज १० मधूनही काढून टाकली गेली.

खरी अडचण फायली देण्याघेण्याच्या भाषेची, म्हणजे एसएमबीची आहे. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. व्हिस्टाबरोबर दुसरी आली, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर तिसरी. दोन मशीन भेटली की दोघांना येणारी सर्वांत वरची आवृत्ती ठरते. त्यामुळे २०१७ पर्यंत विंडोज ७ किंवा १० निमूटपणे पहिल्या आवृत्तीवर उतरून एक्सपीशी बोलत राहिलं आणि कुणाला काही जाणवलं नाही.

मार्च २०१७ मध्ये या पहिल्या आवृत्तीतल्या गंभीर भोकावर दुरुस्ती आली. ती न बसवलेल्या मशीनमध्ये १२ मे रोजी वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस शिरला. कुणी काही क्लिक करावं लागत नव्हतं. ४४५ क्रमांकाचा पोर्ट (एसएमबी ज्यातून बोलते ते सॉफ्टवेअरमधलं दार) उघडा असणं पुरेसं होतं. दोष एक्सपीवर ढकलला गेला, पण लागण झालेली बहुसंख्य मशीन विंडोज ७ ची होती. एक्सपी बहुधा निळा पडदा दाखवून बंद पडत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० ची १७०९ आवृत्ती आली आणि जुनी भाषा मोडीत निघायला लागली.

हा निर्णय बरोबरच होता. जुन्या आवृत्तीत मजकूर सांकेतिक करण्याची सोय नाही आणि मध्येच कुणी संभाषण पकडलं तर ते उघडकीस आणणारं धड संरक्षणही नाही. पद्धत मात्र घरच्या वापरकर्त्यांना गोंधळात टाकणारी ठरली. नव्याने बसवलेल्या १७०९ मध्ये जुन्या आवृत्तीचा सर्व्हरचा भाग, म्हणजे आपली फोल्डर दुसऱ्याला उघडून देणारा, नव्हता. होम आणि प्रोमध्ये क्लायंटचा, म्हणजे दुसऱ्याची फोल्डर उघडणारा, भाग राहिला. म्हणजे लॅपटॉपवरून एक्सपीचं फोल्डर उघडायचं, पण एक्सपीवरून लॅपटॉपचं उघडायचं नाही. शिवाय क्लायंटचा भाग एकूण १५ दिवस वापरला नाही, मशीन बंद असलेला काळ वगळून, तर तो आपोआप निघून जाई. लग्नसराईत रोज वापरात असलेली जोडणी चातुर्मासात पडून राहते आणि तुळशीच्या लग्नानंतर पहिली पत्रिका काढायला बसावं तर फोल्डर गायब. कुणी काही बदललेलं नसतं, म्हणून संशय केबलवर, राउटरवर, अँटिव्हायरसवर जातो. १८०९ पासून तर नव्याने बसवलेल्या प्रोमध्ये क्लायंटही राहिला नाही.

उपाय कंट्रोल पॅनलमध्ये आहे. विंडोजची वैशिष्ट्यं चालू-बंद करायच्या खिडकीत एसएमबी १.० ची ओळ उघडून फक्त ‘क्लायंट’वर खूण करावी, ‘सर्व्हर’ आणि ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ रिकामं ठेवावं आणि मशीन पुन्हा चालू करावं. सर्व्हर चालू करू नये, कारण मग नवं मशीनही त्याच जुन्या दारातून उघडं पडतं. शेअर एक्सपीवर करावा आणि फायली लॅपटॉपवरूनच ओढाव्यात व ठेवाव्यात.

नेटवर्कच्या यादीत एक्सपी दिसेल अशी वाट पाहू नये. ती यादी जमवणारी जुनी सेवाही एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीवर उभी होती. एक्सपीला १९२.१६८.१.५० असा कायमचा पत्ता द्यावा (राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा) आणि लॅपटॉपच्या ‘रन’ खिडकीत दोन उलट्या तिरप्या रेघांनंतर तोच टाकावा. एक्सपीच्या सेटिंगमध्ये गेटवेची (घराबाहेर जाण्याच्या वाटेची) जागा रिकामी सोडावी. घरातल्या घरात फायली जातात आणि मशीन इंटरनेटवर जात नाही.

एवढं करूनही पासवर्ड नाकारला गेला तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक्सपी प्रोवर ‘सिंपल फाइल शेअरिंग’ (सगळ्यांना पाहुणा म्हणून आत घेणारी सोय) काढलेलं असेल, तर पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून आत घेतलंच जात नाही. खात्याला पासवर्ड द्यावा. दुसरी गोष्ट, मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि नव्या पद्धतीच्या पासवर्ड-तपासणीत वेळही धरली जात असल्याने अचूक पासवर्डही चुकीचा ठरतो.