इस्पितळातल्या तपासण्या इतक्या वाढल्या कशा?

रुग्णाचे रक्त काढण्याच्या बाबतीत गोव्याची परंपरा जुनी आहे. 1608 मध्ये पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी जुन्या गोव्याच्या राजेशाही इस्पितळात आजारी म्हणून दाखल झाला. तिथली स्वच्छता, बिछाने आणि चांदीची भांडी पाहून तो थक्क झाला. जगात असे दुसरे इस्पितळ नसेल, असे त्याने लिहून ठेवले. चाळीसेक वर्षांत इस्पितळाची रया गेली. त्याच शतकात आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए सांगतो की, कारभारी बदलले आणि इथे दाखल होणारे बरेच युरोपीय बाहेर पडतात ते थेट कबरीकडे. वैद्य एकेकाचे तीस-चाळीस वेळा रक्त काढतात, हेही तोच सांगतो. तेव्हा तो उपचार होता. आता आपण निदानासाठी रक्त काढतो आणि त्यातून कितीतरी जीव वाचतात. पण कुठे थांबायचे हे मात्र आजही फार कमी वॉर्डांत लिहिलेले सापडते.

याचे कारण शोधायचे तर मागची टंचाई आठवावी लागेल. 1842 साली पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली, 1963 मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले गोमेकॉ झाले, आणि पुढे सगळा पसारा पणजीजवळच्या बांबोळीला गेला. (इफ्फी या चित्रपट महोत्सवाला आपण ज्या जुन्या इमारतीच्या आवारात गर्दी करतो, तिथे पूर्वी खाटा होत्या.) या सगळ्या काळात लोकांची तक्रार तपासण्या कमी असल्याची होती, जास्त असल्याची नव्हे. ऐंशीच्या दशकात पणजीत मलेरिया बोकाळला तेव्हा भरवसा होता तो बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर आणि सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून बसलेल्या तंत्रज्ञावर. 2015 मध्ये सत्तरी तालुक्यात माकडताप आला तेव्हा नमुने मणिपालला जात. 2020 मध्ये करोनाचे पहिले नमुने पुण्याला पाठवावे लागले. मार्चअखेरीस गोमेकॉतच सोय झाली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या समाजाने रिपोर्टची अशी वाट पाहिली, त्याला ‘भरपूर तपासण्या म्हणजे चांगले इस्पितळ’ वाटले तर नवल नाही.

दुसरीकडे यंत्रे बदलत होती. 1957 मध्ये अमेरिकेत टेक्निकॉन कंपनीचा ऑटोअॅनालायझर बाजारात आला. तोवर रक्तातली प्रत्येक गोष्ट माणूस हाताने मोजत असे, म्हणून डॉक्टर मोजकेच मागत. साठच्या दशकाच्या अखेरीस एकाच नमुन्यातून बारा निकाल देणारी यंत्रे आली. बारा मागायला एकाइतकेच कष्ट, मग एकच कोण मागेल? आज आपण ज्याला ‘प्रोफाइल’ म्हणतो त्याचा जन्म असा सोयीतून झाला. लिव्हर प्रोफाइल, किडनी प्रोफाइल, आणि चतुर्थीच्या सवलतीत मिळणारे फुल बॉडी चेकअप ही सगळी त्याच कुळातली.

इथे एक हिशेब पाहण्यासारखा आहे. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशी आखतात की, निरोगी माणसांपैकी 95 टक्के तीत बसावेत. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एका तपासणीतला आकडा बाहेर जाण्याची शक्यता 5 टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. मग त्या आकड्यापायी सोनोग्राफी, पुन्हा रक्त, पुन्हा डॉक्टर. आजार नसतो, पण फाइल जाड होत जाते.

वॉर्डातली रीत यात भर घालते. राऊंडला वरिष्ठांनी ‘पोटॅशियम किती?’ विचारले आणि उत्तर नसले तर बोलणी इंटर्नला बसतात. म्हणून तो केसपेपरवर ‘सीबीसी, आरएफटी, एलएफटी रोज’ (रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या) लिहून मोकळा होतो. पहाटे ट्रे घेऊन सिस्टर येते: जांभळ्या झाकणाचा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, सीबीसीला, राखाडी साखरेला, लाल बाकीच्यांना. प्रत्येकात दोन ते पाच मिली. यंत्राला त्यातले थोडेसेच पुरते, उरलेले कचऱ्यात जाते. अतिदक्षता विभागात दिवसाला अनेकदा असे झाले की, रुग्णाचे हिमोग्लोबिन आपणच खाली आणतो. कॅनडातल्या 25 अतिदक्षता विभागांनी नुसते कमी रक्त ओढणारे बल्ब वापरून पाहिले. 2023 मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दर 100 रुग्णांमागे रक्ताच्या सुमारे दहा पिशव्या वाचल्या आणि तपासण्यांचे काही अडले नाही.

भीतीचाही वाटा आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. रुग्णांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ‘कागदावर सगळे असू दे’ ही सवय तेव्हापासून अधिक मुरली. खासगीत लॅबकडून मिळणाऱ्या ‘कट’बद्दल वेगळे सांगायला नको.

उलटा प्रवास आपल्याकडेही सुरू झाला आहे. क्षयासाठीच्या रक्तचाचण्या दिशाभूल करतात म्हणून 2012 मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी अमेरिकेत अनावश्यक तपासण्या टाळण्यासाठी ‘चूझिंग वाइजली’ मोहीम उभी राहिली. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचे रोज रक्त तपासू नका, हे तिथल्या इस्पितळांतल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2013 मध्ये स्पष्ट सांगितले. 2019 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) अत्यावश्यक तपासण्यांची राष्ट्रीय यादी काढली. टायफॉइडसाठीची विडाल मात्र हटायला तयार नाही. 1896 सालची ही चाचणी; जिथे टायफॉइड नेहमीचाच, तिथे एकट्या विडालवर निदान करणे धोक्याचे, आणि खरा आधार प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेल्या ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याचा. तरीही तीन दिवस ताप राहिला की, विडाल लिहिली जाते.

उपायांत काय चालते? डॉक्टरांना तपासणीची किंमत दाखवा, हा सगळ्यांना पटणारा उपाय. पण फिलाडेल्फियातल्या तीन इस्पितळांत वर्षभर तसे करूनही 2017 च्या अहवालात एकूण फरक दिसला नाही. ‘रोज’ हा शब्द फॉर्मवरून काढून टाकणे आणि प्रत्येक ऑर्डर दोन-तीन दिवसांनी आपोआप संपवणे, हे मला जास्त भरवशाचे वाटते. त्यासाठी इंटर्नला धीटपणा लागत नाही.

गोव्यापुरती एक जागा ठळक दिसते. हृदयविकाराच्या झटक्यासाठी तालुक्याच्या केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीचे तज्ज्ञ लगेच पाहतात आणि रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन तालुक्याच्या केंद्रातच देता येते. बाहेरच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायची पद्धत आपल्याला बसवता येते हे त्यातून दिसते. रक्ताच्या बाबतीत ते झालेले नाही. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसिओ ही जिल्हा इस्पितळे किंवा सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीहून आलेल्या माणसाने काल केलेले रिपोर्ट पुढे केले तरी ‘आमच्याकडे परत करा’ ऐकायला मिळते. 2018 पासून गोमेकॉत बिगर-गोमंतकीयांना शुल्क आहे, म्हणजे सिंधुदुर्गातल्या माणसाच्या खिशाला ही पुनरावृत्ती थेट लागते. कपात सुरू करायचीच तर ती इथून करावी: जिल्हा इस्पितळांच्या लॅबचा दर्जा एकदा तपासून घ्या आणि 48 तासांतला त्यांचा रिपोर्ट बांबोळीत ग्राह्य धरा.