अल्झायमर विकार : आनुवंशिक उत्परिवर्तने व प्रथिनसंचय

अल्झायमर विकारात मेंदूमध्ये दोन प्रथिने साचतात. चेतापेशींच्या बाहेर बीटा-ॲमिलॉइडचे साठे, तर पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते आढळतात. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ही विकृती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडली. ॲमिलॉइडची रासायनिक ओळख मात्र १९८४ च्या सुमारास पटली. बहुसंख्य रुग्ण पासष्टीनंतरचे असतात व त्यांच्यात एकच कारणीभूत जनुक नसते. पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा, लवकर सुरू होणारा प्रकार जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी असला, तरी प्रथिनसंचयाची कारणमीमांसा मुख्यतः त्याच्यावरच उभी आहे.

या प्रकारात तीन जनुके गुंतलेली आहेत. २१ व्या गुणसूत्रावरील जनुक ॲमिलॉइडचे पूर्वगामी प्रथिन घडवते. त्यातील पहिले रोगकारक उत्परिवर्तन (जनुकाच्या रचनेतील बदल) १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रेसेनिलिन-१ (१४ वे गुणसूत्र) आणि प्रेसेनिलिन-२ (१ ले) १९९५ मध्ये सापडली. पूर्वगामी प्रथिनाचे तुकडे करणाऱ्या गॅमा-सिक्रेटेज या विकराचा (एन्झाइमचा) क्रियाशील भाग म्हणजे प्रेसेनिलिन. एक जनुक कापला जाणारा माल पुरवते, दोन जनुके कापणारे हत्यार. टाऊच्या जनुकातील उत्परिवर्तनांनी मात्र अल्झायमर होत नाही, वेगळाच स्मृतिभ्रंश होतो. रोगाची सुरुवात ॲमिलॉइडपासून होते, टाऊ नंतर येतो, या मताचा हा सर्वांत भक्कम आधार.

उत्परिवर्तनाने नेमके काय बिघडते, याविषयी एकमत नाही. पूर्वगामी प्रथिनाच्या जनुकातील, स्वीडिश कुटुंबात आढळलेल्या उत्परिवर्तनाने बीटा-ॲमिलॉइड एकूणच जास्त बनते. प्रेसेनिलिनच्या तीनशेहून अधिक उत्परिवर्तनांचे चित्र निराळे आहे : अनेकांत एकूण उत्पादन घटते, पण ४० ॲमिनो आम्लांच्या तुकड्याच्या तुलनेत ४२ आम्लांचा, चटकन गोळा होणारा तुकडा वाढतो. यावरून काही संशोधक विकराची कार्यक्षमता घटणे हेच मूळ कारण मानतात. तुकड्यांचे प्रमाण बदलते हा पक्ष पुराव्याशी अधिक जुळतो. मात्र कोलंबियातील एका स्त्रीचे २०१९ मधील उदाहरण त्यालाही मुरड घालते. प्रेसेनिलिनचे उत्परिवर्तन व ॲमिलॉइडचा मोठा साठा असूनही तिच्या मेंदूत टाऊ कमी होता आणि स्मृतिभ्रंश सुमारे तीस वर्षे लांबला. तिच्यात एपीओई जनुकाचे एक दुर्मीळ रूप दोन्ही प्रतींत होते. याच जनुकाचे ई-४ रूप उतारवयातील रोगाचा धोका वाढवते, निश्चिती करत नाही.

खानदेशात, विशेषतः नंदुरबार व धुळे जिल्ह्यांच्या सातपुडा पट्ट्यातील भिल्ल-पावरा समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार परिचित आहे. तिथेही उत्परिवर्तित प्रथिनच गोळा होते. परंतु आनुवंशिकतेची रीत वेगळी. सिकलसेल आजारात सदोष प्रत आई व वडील दोघांकडून यावी लागते, म्हणून वाहकाने वाहकाशी लग्न टाळावे हा सल्ला उपयोगी पडतो. कौटुंबिक अल्झायमरला एकाच पालकाची एक प्रत पुरते. प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय लक्षणे बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे मुले झाल्यावर दिसतात. ॲमिलॉइड तर त्याआधी सुमारे पंधरा वर्षे साचू लागलेले असते. उतारवयातला विसर म्हातारचळ म्हणून सोडून दिला जातो. पंचेचाळिशीत तो दिसल्यास आणि आई किंवा वडिलांनाही त्याच वयात तसा त्रास झाला असल्यास जनुकचाचणीचा विचार होतो. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशन आवश्यक मानतात, कारण एका रुग्णाच्या अहवालातून निरोगी भावंडांचा व मुलांचा धोकाही उघड होतो.