पाटीवर किती लिहावं? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

पाटीचा मजकूर येतो तो बहुधा दोन टोकांचा. कुणाला नाव, घोषवाक्य, सेवांची यादी आणि तीन फोन नंबर एकाच फलकावर हवे असतात. कुणाला करड्या भिंतीवर करडी अक्षरं हवी असतात, तीही बोटभर उंचीची, कारण 'सोबर' दिसलं पाहिजे. दोन्ही आम्ही करून देतो. पण अशा पाटीशेजारी लवकरच सेलोटेपनं चिकटवलेला कागद दिसू लागतो : 'चौकशी आत डावीकडे'. खरी पाटी मग तोच होतो.

आमचं मत साध्या, शांत पाटीच्या बाजूचं आहे. आकार आणि रंग खुशाल बेताचे ठेवा, फक्त माणूस जिथे उभा आहे तिथे त्याला जे ठरवायचंय तेवढं पाटीनं सांगावं. जिन्यापाशी मजला कळला की पुरे. खोली क्रमांक वर गेल्यावर. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर १९६७ साली डिझायनर बेनो विसिंग यांनी विमानाकडे नेणाऱ्या पाट्या पिवळ्या केल्या आणि इतर सोयींच्या पाट्यांना वेगळा रंग दिला. घाईतला प्रवासी फक्त पिवळं बघत जातो.

काही ठिकाणी पाटीच नको. मूठ असलेल्या दारावर 'ढकला' लिहिलं तरी लोक ओढतातच. मूठ काढून सपाट पट्टी बसवा. (यात आमची ऑर्डर जाते, तरी सांगतो.)

अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशेब असा : दर ३ मीटर अंतरामागे २५ मिलिमीटर. बारा मीटरवरून वाचायचं असेल तर १०० मिलिमीटर. देवनागरीत ही उंची वेलांटी-उकार सोडून, शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा. संगणकावर फॉन्टच्या आकाराचा आकडा तोच ठेवला तरी वरखालच्या मात्रांना जागा द्यावी लागते, त्यामुळे मूळ अक्षर लहान पडतं. फार बारीक वळणाचा फॉन्ट लांबून पुसट होतो, फार जाड घेतला तर जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. ब्रश फिनिश स्टीलवर नुसतं कोरलेलं नाव हातात घेतल्यावर देखणं वाटतं, पण समोरून उजेड आला की दिसत नाही. कोरीव भागात रंग भरून घ्या.

सुरक्षेच्या पाट्यांत मात्र सोबरपणा चालणार नाही. बाहेर पडायची वाट हिरवी, मनाई लाल, धोक्याचा इशारा पिवळा, सक्तीची सूचना निळी. आयएसओ ७०१० या सुरक्षाचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ही चिन्हं आतल्या सजावटीला शोभत नाहीत म्हणून राखाडी करून मागू नका. ते काम आम्ही घेत नाही.

ऑर्डरसोबत जागेचा फोटो, वाचणारा किती लांब उभा असेल ते अंतर आणि मजकूर पाठवा. आम्ही पूर्ण मापाचं कागदी प्रूफ देतो. ते जागेवर चिकटवा आणि तिथे पहिल्यांदाच येणाऱ्या कुणाला तरी आत यायला सांगा. तो कुठे थबकतो ते आम्हाला कळवा, मग कटिंगला घेऊ.