लॅबमधला अपघात बहुतेक वेळा कळतच नाही

लॅबमध्ये काम करताना कोणाला जंतूंची लागण झाली म्हटलं की आपल्याला वाटतं, काचेची नळी हातातून सटकली असेल, फुटली असेल, सगळं सांडलं असेल. तसं कधीकधी होतंही. पण रॉबर्ट पाईक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ साली लॅबमध्ये झालेल्या लागणीच्या ३,९२१ केसेसचा आढावा घेतला तेव्हा सुई टोचली, काही सांडलं, प्राणी चावला, असा सांगता येण्यासारखा अपघात २० टक्के केसेसमध्येसुद्धा सापडला नाही. बाकीचे लोक नुसते रोजचं काम करत होते आणि आजारी पडले.

हे झालं कसं, तर मोठा संशय हवेवर आहे. कल्चरची (वाढवलेल्या जंतूंची) बाटली उघडली, व्हॉर्टेक्सवर (नळी गरगर हलवणाऱ्या यंत्रावर) नळी हलवली, पिपेटमधला (द्रव मोजून घ्यायच्या नळीतला) शेवटचा थेंब जोरात फुंकून काढला, सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) थांबल्या थांबल्या झाकण उघडलं, तापलेला लूप (तारेचं बारीक कडं) कल्चरमध्ये बुडवला आणि चर्र झालं, या प्रत्येक वेळी अतिशय बारीक थेंब हवेत उडतात, त्यातलं पाणी क्षणात वाळून जातं आणि जंतू तेवढा तरंगत राहतो. पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण थेट फुफ्फुसात खोलवर जातो. ना दिसतो, ना वास येतो, ना टोचतो. त्यामुळे "मी तर नीट काम केलं होतं" असं म्हणणारा माणूस खरंच मनापासून तसं म्हणत असतो.

म्हणून बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं, म्हणजे समोरून हात आत घालून जंतूंचं काम करायचं कपाट. नेहमी दिसतं ते क्लास टू कॅबिनेट, त्यात समोरून साधारण सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हवा आत ओढली जाते, वरून फिल्टर झालेली स्वच्छ हवा खाली येते आणि दोन्ही हवा जाळीतून खाली निघून जातात, म्हणजे काम करणाऱ्याच्या तोंडासमोर सतत हवेचा पडदा असतो. पण हा पडदा फार नाजूक आहे हो. पुढच्या जाळीवर वही ठेवली, हात भराभर आतबाहेर केले, आत बर्नर पेटवला, मागून कोणी घाईत चालत गेलं, की तो फाटतो. म्हणून हात आत घातल्यावर थोडं थांबायला आणि सामान आधीच आत ठेवून घ्यायला शिकवतात, आणि नवीन मुलांना ते उगाच वाटतं.

कॅबिनेटमधल्या त्या फिल्टरबद्दल, म्हणजे हेपा फिल्टरबद्दल, एक गैरसमज खूप ऐकू येतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो असं लिहिलेलं असतं, मग लोक विचारतात की त्याहून लहान व्हायरस निसटत असणार ना? उलट आहे. ०.३ च्या आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून चाचणी त्यावर घेतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि फिल्टरच्या धाग्यांवर आपटून चिकटतात, त्यामुळे ते जास्तच पकडले जातात.

यंत्रं चांगलीच आहेत, घोळ होतो तो रोजच्या साध्या गोष्टीत. चीनमधल्या लानचोऊ शहरात २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये जनावरांसाठी ब्रुसेलोसिसची (जनावरांकडून माणसांनाही होणाऱ्या, ब्रुसेला जीवाणूच्या रोगाची) लस बनवणाऱ्या एका कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, बाहेर जाणाऱ्या हवेतले जीवाणू पूर्ण मेले नाहीत, वाऱ्याबरोबर पसरले आणि पुढे दहा हजारांवर लोकांच्या तपासणीत लागण झाल्याचं दिसलं. कुठे स्फोट नाही, काही फुटलं नाही. बाटलीवरची तारीख कोणी बघितली नाही.

आणि जंतू सौम्य आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातला एक संशोधक प्लेगच्या जीवाणूने गेला, तेही प्रयोगासाठी मुद्दाम कमजोर केलेल्या प्रकाराने. तो प्रकार कमजोर होता कारण त्याला शरीरातून लोह नीट मिळवता येत नव्हतं. पण या माणसाला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार, आणि ते मरणोत्तर तपासणीत कळलं. ज्या लोहाअभावी जीवाणू लंगडा झाला होता ते त्याला तिथे भरपूर मिळालं असावं. ही केस वाचल्यापासून मला "हा जंतू सेफ आहे" हे वाक्य अर्धवट वाटतं, कोणासाठी सेफ हे पण सांगायला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या लॅब सुरक्षेवरच्या मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीचा भरही इकडेच आहे. नुसता जंतूचा धोक्याचा गट बघून लॅबची सुरक्षेची लेव्हल ठरवू नका, कुठलं काम, किती प्रमाणात, कोण करतंय, त्याचं ट्रेनिंग किती, हे सगळं धरून धोका मोजा.

आता जे फार कमी बोललं जातं ते. लॅबमधल्या माणसाला ताप आला तर तो पहिल्याच दिवशी कळवला पाहिजे, आणि कळवणाऱ्याला ओरडा बसता कामा नये, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. २००४ मध्ये बीजिंगच्या एका संशोधन संस्थेत सार्सची, म्हणजे व्हायरसमुळे होणाऱ्या श्वसनाच्या गंभीर आजाराची, लागण झाली. आधी आजारी पडलेले दोघे जिवंत सार्स व्हायरसवर काम करतच नव्हते, व्हायरस मेलाय असं धरून तो साध्या लॅबमध्ये आणला गेला होता आणि तो पूर्ण मेलेला नव्हता. त्यातल्या एका विद्यार्थिनीकडून तिच्या नर्सला आणि तिची काळजी घेणाऱ्या आईला लागण झाली, एकूण नऊ जण आजारी पडले आणि आई वारली. डॉक्टरला नुसता ताप-खोकला दिसतो, पेशंट कुठे काम करतो हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? म्हणून काही लॅब स्टाफला खिशात ठेवायला कार्ड देतात, त्यावर कुठल्या जंतूंवर काम चालतं आणि फोन कोणाला करायचा ते असतं. काही ठिकाणी कामाला लागतानाच रक्ताचा नमुना काढून फ्रीझरमध्ये जपून ठेवतात, म्हणजे उद्या शंका आली तर आधीच्या आणि आत्ताच्या रक्तातल्या अँटीबॉडी शेजारी ठेवून बघता येतात.