बैलगाडीच्या पाट्यापासून स्लेडपर्यंत : घरगुती जिगांची पार्श्वभूमी

जिग (तेच काम दर वेळी नेमके व्हावे म्हणून केलेले साधन), स्लेड (करवतीच्या टेबलावर तुकडा धरून सरकवायची फळी), स्टॉप ब्लॉक (तुकडे एकाच लांबीचे यावेत म्हणून टेकवायचा ठोकळा) ही नावे कोल्हापूरच्या छोट्या सुतारकामात अलीकडे रुळली. नावे नव्हती तेव्हाही सुतारमेटावर फर्मा, म्हणजे आखणीचा नमुना, होताच, आणि त्याची खरी परीक्षा बैलगाडीच्या चाकात होई.

बारा आऱ्यांच्या चाकाला सहा पाटे, म्हणजे कडेचे लाकडी वक्र तुकडे, लागतात. प्रत्येक पाट्याने वर्तुळाचे नेमके 60 अंश भरायचे. एकेका पाट्यात अर्धा अंश कमी पडला, तर शेवटच्या सांध्यात 3 अंशांची फट उरते. पाच फुटी चाकाच्या परिघावर ती दीड इंचाहून जास्त भरते. तापवून चढवलेली धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) गार होताना आवळते आणि बारीक फटी मिटवते, पण दीड इंच तिच्याही आवाक्याबाहेर. म्हणून प्रत्येक पाटा नव्याने मोजण्यापेक्षा पातळ फळीचा एक फर्मा करायचा, आऱ्यांच्या सालांच्या (खाचांच्या) खुणा त्याच्यावरच घ्यायच्या आणि सगळे पाटे त्यावरून आखायचे. फर्मा तपासायची रीत सोपी आहे: सपाट जागेवर कडेला कड लावत तो सहा वेळा आखायचा. शेवटची रेघ पहिलीला मिळाली नाही, तर फर्मा तासायचा. एका पाट्यात न दिसणारी चूक इथे सहापट होऊन समोर येते.

यंत्रांवर हा विचार ठळकपणे दिसला तो इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत. मार्क ब्रुनेल यांनी योजलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली 45 यंत्रे 1808 पर्यंत जहाजांच्या लाकडी कप्प्या बनवू लागली होती. पहिल्या यंत्रावर भोके पाडतानाच ठोकळ्यावर एक खूण दाबली जाई. पुढची यंत्रे तिलाच धरून ठोकळा पकडत. घरगुती जिग बहुतेक वेळा इथेच फसतात. एक भोक डाव्या कडेपासून पाडायचे, दुसरे उजव्या कडेपासून, आणि फळीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरने जरी बदलली तरी तो फरक थेट जोडात उतरतो. कुठलीही एक कड ठरवा, तिच्यावर पेन्सिलीने फुली मारा आणि प्रत्येक कामात तीच जिगला टेकवा.

कोल्हापुरात या शिस्तीला धार आली ती फौंड्रीमुळे. शिवाजी उद्यमनगर, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथे इंजिन-पंपांचे भाग ओतायचे, तर आधी लाकडी पॅटर्न हवा, म्हणजे वाळूत दाबून साचा उमटवायचा नमुना. ओतीव लोखंड गार होताना साधारण 1 टक्का आकसते. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते: 1010 मिलिमीटर लांबीचे 1000 सारखे भाग. आकसण्याचा हिशेब पट्टीतच बसवलेला, डोक्यात करायला नको. उभ्या बाजूंना 1 ते 2 अंशांचा उतारही द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न उपसताना वाळूची कड ढासळते. त्या उताराची एक तिरपी फळी करून ठेवली, की दर वेळी कोन मोजत बसायचे कारण नाही. फर्निचरवाल्यांनी पॅटर्नच्या कामातून उचलावी अशी ही सवय आहे.

मापांचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. 1956 च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी दुकानात सूत बोलले जाते. इंचाचे 8 सूत. 6 सूत म्हणजे 19.05 मिलिमीटर. प्लाय 18 मिलिमीटरचा, आणि तोही बऱ्याचदा किंचित पातळच भरतो. सहा सुताच्या जुन्या फर्म्याने पाडलेल्या खाचेत असा प्लाय मिलिमीटरभर खुळखुळतो आणि ती जागा फेव्हिकॉलने भरून ताकद येत नाही. खाचेचा जिग छापील आकड्यावर बेतू नका, वापरायच्या प्लायचाच तुकडा लावून बेता.

टेबल सॉचे (टेबलातून पाते वर येणाऱ्या करवतीचे) स्लेड तपासताना चाकाच्या फर्म्याचीच युक्ती कामी येते. तळाला 12 मिलिमीटर प्लाय, खाली टेबलाच्या खाचांत सरकणाऱ्या सागवानी पट्ट्या, मागे सरळ फेन्स (तुकडा टेकवायची उभी पट्टी). फेन्स एका टोकाला एकाच स्क्रूवर बसवा, दुसरे टोक क्लॅम्पने धरा. चौकोनी तुकडा एकाच दिशेने फिरवत चारही कडा कापा, मग पहिल्या कडेवरून पाचवा काप घेऊन 10 मिलिमीटरची पट्टी काढा. पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीतला फरक भागिले 4, ही पट्टीच्या लांबीवरची चूक. 300 मिलिमीटर पट्टीत 0.4 चा फरक आला, तर चूक 0.1; स्क्रूपासून 600 मिलिमीटरवर क्लॅम्प असेल तर ते टोक 0.2 सरकवायचे. हलवलेल्या फेन्सचा दुसरा स्क्रू जुन्या भोकात घालू नका, तो तिला मूळ जागी ओढतो. नवे भोक पाडा.

इथला पावसाळा जिगांचा वैरी. एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीच्या) उघड्या कडा फुगतात, तिथे सीलर लावा. सागवानी पट्टी जाम झाली तर आधी मेण घासा. तेल नको, त्यावर भुसा चिकटतो. रंधा मारायची घाई केली, तर उन्हाळ्यात तीच पट्टी खेळते. स्टॉप ब्लॉकचा खालचा कोपरा 3 मिलिमीटर तासून भुशाला जागा ठेवा, नाहीतर तुकडे आखूड येतात. आणि टेबल सॉच्या लांब फेन्सला आडवे काप घेण्यासाठी ब्लॉक लावायचा असेल, तर तो पात्याच्या अलीकडेच संपला पाहिजे. कापलेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यात अडकला, की कापणाऱ्याच्या अंगावर उडतो.